नैसर्गिक लोकरीचं विणकाम आणि "किती झालं?" हा प्रश्न

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

इथे विणकामाचे धागे अधूनमधून येतात, पण बहुतेक वेळा "अख्खा स्वेटर पंधरवड्यात", "महिन्याभरात चार टोप्या" अशाच थाटात येतात. फोटो बघून छान वाटतं आणि लगेच मनात येतं की आपली तर अजून पाठच चालूय. मला आज त्यावरच लिहायचंय. खरी मेंढीची लोकर हातात घेऊन विणत बसणं हे इतकं सुखाचं काम आहे आणि आपण त्यालाही टार्गेट लावून ठेवतो, तेही कोणी मागितलेलं नसताना. ऑफिसात टार्गेट असतंच, मुलांच्या अभ्यासाचं टाइमटेबल असतं, नाशिकच्या सोमेश्वर मंदिराकडे सकाळी चालायला गेलं तरी मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, आणि मग रात्री सगळं आवरून सुया हातात घ्याव्यात तर तिथेही "आज वीस ओळी झाल्याच पाहिजेत". कशासाठी?

मी गेल्या हिवाळ्यापासून फक्त न रंगवलेल्या, फारशी प्रक्रिया न झालेल्या लोकरीवर विणतेय. दोन प्रकारची आहे माझ्याकडे. एक सिन्नरकडच्या एका धनगर कुटुंबाकडून घेतलेली, दख्खनी मेंढीची काळी-करडी, घोंगडीसाठी कातलेली. दुसरी इथल्याच एका प्रदर्शनात घेतलेली हिमाचलची, पांढरट आणि जरा मऊ. दख्खनीची लडी पहिल्यांदा सोडून गुंडा करायला घेतला तेव्हा बोटांना आधी कळलं की हे दुकानातल्या लोकरीसारखं नाहीये. धागा एका वितीत जाड, पुढच्या वितीत बारीक, मध्येच सुटलेलं राठ केस, कुठे तरी पिळात अडकलेलं गवताचं कुसळ. ते कुसळ नखाने हळूच ओढून काढायचं, धागा तिथे उलगडला तर बोटांनी परत पीळ द्यायचा आणि मग पुढचा टाका. मांडीवर काळपट भुसा पडत राहतो. हाताला थोडा तेलकटपणा येतो, तो मेंढीच्या अंगचा मेण, लॅनोलिन. पाण्यात भिजवली की गोठ्याच्या जवळपासचा वास येतो, घरातले नाक मुरडतात, मला आवडतो.

या धाग्यावर घाई चालतच नाही. जाड भाग आला की टाका सुईवर घट्ट बसतो, तो सरकवावा लागतो. बारीक भाग आला की जपून ओढावं लागतं नाहीतर तुटतो. तुटला तरी बिघडत नाही हं, दोन्ही टोकं जरा विस्कटून ओली करायची, एकावर एक ठेवून तळहातात जोरात चोळायची, दोन मिनिटात सांधा एकजीव होतो, गाठ मारावी लागत नाही. हे ॲक्रिलिकवर होत नाही आणि मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीवरही होत नाही, कारण खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ओल, ऊब आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात. त्याच खवल्यांमुळे एखादा टाका सुईवरून सुटला तरी सरसर खाली ओळीमागून ओळी उसवत जात नाही, जिथल्या तिथे थांबून राहतो. मला हे फार मोलाचं वाटतं. टाका सुटला की पूर्वी छातीत धस्स व्हायचं, आता चहा पिऊन येऊन उचलला तरी चालतो.

तर मी काय केलं, ओळी लिहायची वही बंद केली. रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर आपल्या प्रोजेक्टच्या पानावर किती टक्के काम झालं त्याची पट्टी असते, ती भरणं सोडलं. ओळ पूर्ण करूनच उठायचं हा नियम सोडला, मधेच उठते. सध्या पाठीचा भाग काखेपर्यंत आलाय एवढंच मला माहितीये आणि तेवढं पुरतं. डिझाईन पण साधं घेतलंय, सगळं सुलट, नुसती बॉर्डर एक सुलट एक उलट, कारण दख्खनीच्या काळ्या लोकरीवर जाळीकाम दिसतही नाही आणि मला मान वर करून खिडकीबाहेर बघत विणायचं असतं.

तुम्ही कसं करता? विणताना स्वतःच्याच डोक्यात घड्याळ चालू असतं का, आणि असेल तर ते बंद कसं केलंत? नैसर्गिक लोकरीवर काम करणाऱ्यांनी जरूर लिहा, पण नुसतं वाचलंत तरी आनंद आहे.

---

उलट_सुलट

छान लिहिलंयस गं. मी पंचवटीतली, सत्तरी ओलांडलेली, विणकाम शाळेत शिकले. आमच्या शाळेत शिवण-विणकामाचा तास असायचा आणि बाई पट्टी लावून बघायच्या किती बोटं विणून आणलं ते. त्यामुळे मोजायची सवय आमच्या पिढीच्या हाडात बसलेली आहे, ती काही आजच्या मोबाईलवाल्यांनी आणलेली नाही.

एक गोष्ट मात्र अनुभवाने सांगते, घाई केली की हात आवळतो. मनात काही घोळत असलं, कुणावर राग असला, वेळ गाठायची असली की टाके आपोआप घट्ट पडतात, सुई आत शिरत नाही, मग मनगट दुखतं. त्याच सुया, तीच लोकर, आणि दुपारी निवांत बसलं की टाके कसे मोकळे पडतात. कापडाकडे बघून मला माझ्याच जुन्या स्वेटरवर सांगता येतं की हा भाग कुठल्या दिवसांत विणलेला आहे. म्हणून तुझं म्हणणं नुसतं मनाच्या समाधानापुरतं नाही, हात हलका ठेवलास तर वस्त्रही चांगलं होतं.

आणि टाके वेडेवाकडे दिसतात म्हणून खट्टू होणाऱ्यांसाठी, खरी लोकर धुतल्यावर बसते. कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून, सपाट जागेवर आकार देऊन वाळवायची. निम्मं वेडंवाकडेपण तिथेच जातं. दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीचं वजन खूप, स्वेटर गुडघ्यापर्यंत येईल.

---

पंचवटी_पासधारक

काकू, "हा भाग कुठल्या दिवसांत विणला ते सांगता येतं" हे वाचून थबकले.

मी पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारी. नाशिक रोडला चढले की दादरपर्यंत विणते, बसायला मिळालं तर. इगतपुरीपर्यंत इतक्या ओळी, कसाऱ्यापर्यंत इतक्या, असं स्टेशनागणिक बांधून घेतलेलं असायचं आणि गाडी घाटात वेळेआधी उतरली तर चक्क वैताग यायचा. आता नुसती खिडकी. पावसाळ्यात कसारा घाटात कोण सुयांकडे बघतं? जेवढं होतं तेवढं होतं.

प्रवासात विणणाऱ्यांना एक सांगेन, लांब सरळ सुया घेऊ नका, गोल सुई घ्या, म्हणजे दोन टोकांच्या मधे लवचिक तार असते ती. सरळ विणकामही तिच्यावर होतं, कोपर शेजारणीला लागत नाही आणि स्वेटरचं सगळं वजन मनगटावर न येता मांडीवर राहतं. दख्खनीसारखी जड लोकर असेल तर हा फरक फार जाणवतो.

---

रुक्ष_गद्य

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. माझी बायको विणते, मी हिशेब ठेवतो असं समजा. आमच्या घरात कपाटाचा एक कप्पा अर्धवट विणकामाने भरलाय. कुठे एक बाही, कुठे एक मोजा, कुठे नुसती बॉर्डर. दर थंडीत नवीन लोकर येते. कसलंच बंधन नको म्हटलं तर कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही आणि पूर्ण न झाल्याचा ताण वेगळाच असतो, तो ओळी मोजण्यापेक्षा जास्त असतो, हे मी रोज जवळून बघतोय. माणसाला थोडी शिस्त लागते. मी तिला म्हणतो रोज चार ओळी कर, पण कर.

---

गोदाकाठ

रुक्ष_गद्य, राग कसला, मुद्दा बरोबरच आहे आणि मला तो टाळायचाही नाही. पण एक विचारते, तो कप्पा तिला टोचतो की तुम्हाला? कारण माझ्या ओळखीत अशा कितीतरी जणी आहेत ज्यांना सुरुवात करण्यातच आनंद असतो. नवीन लोकर, नवीन टाके घालणं, पहिल्या दहा ओळींत वीण कशी दिसते ते बघणं. त्यांना स्वेटर हवाच असतो असं नाही. तसं असेल तर अर्धवट बाही हा काही गुन्हा नाही, लोकर उसवता येते.

आणि नैसर्गिक लोकर तर परत परत उसवून वापरता येते. उसवलेली लोकर नागमोडी होते, तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, भिजवायची आणि खाली थोडं वजन लावून टांगायची, वाळली की पुष्कळ सरळ होते. तिने त्या कप्प्यातलं जे नको असेल ते मोकळ्या मनाने उसवावं. उसवतानाही हाताला तीच लोकर लागते ना.

रोज चार ओळी हे तिने स्वतः ठरवलं तर शिस्त. दुसऱ्याने ठरवून दिलं तर गृहपाठ. मी हे मनापासून म्हणतेय.

---

निफाडचा_गारठा

धागा आवडला. मी द्राक्षवाला, आणि मी विणतो. आजीने शिकवलं लहानपणी, मधे सुटलं, आता परत धरलंय. गावात सुरुवातीला लोकं बघायची, आता मफलर मागतात.

आमच्या धंद्यात सगळं मोजूनच असतं. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की छाटणीनंतरचा कितवा दिवस हेच बोलणं, अमक्या दिवसाला डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), तमक्या दिवसाला विरळणी, फवारणीचं वेळापत्रक, साखर किती उतरली, मण्याची साईज किती मिलिमीटर. एक दिवस चुकला तर पैशात दिसतं. थंडीत निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो काही वर्षी, तेव्हा मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू करायचं. त्या शेकोटीपाशी बसून मी विणतो. तिथे मला कोणी विचारायचं नाही कितवा दिवस आहे ते. दिवसभर जे करतो त्याच्या बरोब्बर उलट काम मला हवं असतं, म्हणून मी पॅटर्न पण घेत नाही, टाके घालतो आणि मफलर लांब वाटला की बंद करतो.

शेकोटीजवळ लोकरच पाहिजे हे मात्र नक्की. ठिणगी उडाली तर लोकर करपून विझते, ॲक्रिलिक वितळून अंगाला चिकटतं. कुणाला दुकानातली लोकर खरी का खोटी बघायची असेल तर एक तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते, ॲक्रिलिकचा कडक मणी होतो. घराबाहेर करा, धूर वाईट असतो.

---

लोकर_आणि_मी

शेकोटीपाशी विणणारे दादा, सलाम तुम्हाला.

माझी बाजू वेगळी. मी सिडकोत राहते, ऑर्डरी घेते. बाळंतविडा, कुंची, मोजे, दुपटं. बारशाची तारीख ठरलेली असते, बाळ थांबत नाही, आणि गिऱ्हाईकही. त्यामुळे मला ओळी मोजाव्याच लागतात, तासाला किती होतं ते माहीत असावंच लागतं, नाहीतर किंमत लावता येणार नाही. वेळेचं भान म्हणजे वाईटच असं कोणी म्हणू नये एवढीच विनंती, ज्यांचं घर यावर चालतं त्यांनी कायमच भराभर विणलंय. स्कॉटलंडच्या वरच्या शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या मातीची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या, त्यांचे जुने फोटो आहेत. ती हौस नव्हती, तो संसार होता.

पण गंमत म्हणजे म्हणूनच मला या धाग्यातलं जास्त पटतं. मी एक काम कायम बाजूला ठेवते जे कुणासाठीच नाही. आत्ता ते हिमाचली लोकरीचं शाल-मफलर असं काहीतरी आहे. ते ऑर्डरीच्या पिशवीत ठेवत नाही, त्याच्या सुया वेगळ्या, खुर्ची पण वेगळी. दोन ऑर्डरींच्या मधे ते घेऊन बसलं की हात परत माझे होतात.

बाळाच्या कपड्यांबद्दल एक सूचना, दख्खनी लोकर त्यासाठी नको. तिचे तंतू जाड असतात. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरची टोकं कातडीला टोचतात, दख्खनी त्याच्या बरीच वर जाते. मेरिनो मेंढीची २४ च्या आत, चांगली असेल तर १८-२० च्या आसपास. पश्मिना तर १२ ते १६, पण ती मेंढी नाही, लडाखची बकरी. बाळाला मऊ मेरिनो घ्या आणि त्यात मशीनमध्ये धुता येणारी घेतलीत तरी काही बिघडत नाही, बाळाची आई तुम्हाला दुवा देईल. दख्खनीचं जाकीट करा, शर्टावरून घालायला, वर्षानुवर्षं टिकेल.

---

नवी_सुई

सगळं वाचून काढलं. मी अगदी नवीन, कॉलेज रोडला राहते, यूट्यूब बघून शिकतेय. माझा प्रॉब्लेम असा की मी विणायला बसते आणि शेजारी मोबाईलवर दुसरी कोणीतरी विणत असते, तिचे हात इतके भराभर चालतात की मला माझे हात बघवत नाहीत. मग ठेवून देते. मला नैसर्गिक लोकर घ्यायची आहे पण वाटतं आधी साध्या ॲक्रिलिकवर हात बसू दे, चांगली लोकर वाया जाईल. आणि सुयांच्या नंबरांचा गोंधळ होतो, दुकानदार १० म्हणतो, व्हिडिओत साडेतीन म्हणतात.

---

उलट_सुलट

अगं वाया कशी जाईल? उसवता येतं वर सांगितलंय ना. उलट नवशिक्याला खरी लोकर सोपी, ती टाका धरून ठेवते. गुळगुळीत धाग्यावर टाके घसरतात आणि तुला वाटतं आपल्याला येत नाही. फक्त पहिल्यांदा काळी घेऊ नकोस, टाके दिसत नाहीत, डोळे दुखतात. पांढरट घे, मध्यम जाडीची, आणि बांबूच्या सुया.

नंबराचं असं, आपल्याकडे दुकानात जुने इंग्लंडचे नंबर चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे पावणेचार, १० म्हणजे सव्वातीन, ६ म्हणजे ५. व्हिडिओवाले मिलिमीटर सांगतात, तिथे आकडा मोठा तर सुई जाड. तू ८ नंबरने सुरू कर.

आणि त्या भराभर विणणाऱ्या बाईचा व्हिडिओ बंद कर. तिने कित्येक वर्षं घातली असतील. तुला जे शिकायचंय तेवढं बघ, मोबाईल पालथा ठेव आणि मग सुया हातात घे.

---

नवी_सुई

थँक्यू काकू, करते असं. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये मिळेल का लोकर? तिथे थंडीत स्वेटरच स्वेटर असतात.

---

गोदाकाठ

तिथे मुख्यतः तयार स्वेटर, जॅकेट, मफलर असतात, विणायची लोकर शोधत तिथे जाऊ नकोस. रविवार कारंजा-मेन रोड भागातल्या दुकानांत लोकर मिळते पण बहुतेक ॲक्रिलिक किंवा मिश्र, पट्टीवर काय लिहिलंय ते वाच, किंवा वरची जाळून बघायची युक्ती. शुद्ध लोकर हिमाचल, उत्तराखंडचे बचत गट प्रदर्शनात घेऊन येतात तेव्हा घेऊन ठेवते मी.

पण हो, घेऊन ठेवण्याचंही एक ओझं होतं हे लिहायचं राहिलं. कपाटात लोकर साठली की ती आपल्याकडे बघत असते असं वाटायला लागतं, हे कधी विणणार, ते कधी विणणार. मी आता घरातल्या लडीच आधी हातात घेते, कधी नुसत्या बाहेर काढून ऊन दाखवते आणि परत ठेवते. ते करणंही मला विणकामाइतकंच आवडतं खरं तर.

---

अंजिरी_शेला

ऊन दाखवण्यावरून सांगते, सावकाश विणणाऱ्यांनी हे मनावर घ्याच. काम महिनोन् महिने पडून राहणार असेल तर कसरीची काळजी घ्या. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खातात, आणि मळलेल्या, घामाचा हात लागलेल्या लोकरीवर जास्त जातात. आपलं रेंगाळलेलं काम म्हणजे त्यांच्यासाठी पंगतच. मी अर्धवट काम घट्ट विणीच्या सुती पिशवीत ठेवते, पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचा तुकडा, आणि दर काही आठवड्यांनी काढून झटकते. पाल्याच्या भरवशावर राहू नका, झटकणं आणि ऊन हेच खरं. पावसाळ्यात तर नक्की.

दुसरं, खूप खंड पडला की आपला हात बदलतो. आधीचे टाके सैल, नंतरचे घट्ट, मधे पट्टा दिसतो. त्यावर मी एक तुकडा कायम जवळ ठेवते, त्याच लोकरीचा, त्याच सुयांचा, त्यावर आधी थोडं विणायचं, हात पहिल्यासारखा पडायला लागला की मग मूळ कामावर जायचं. वेळ जातो, जाऊ दे की.

---

रुक्ष_गद्य

काल बायकोला हा धागा वाचायला दिला. ती म्हणाली कप्पा तिला अजिबात टोचत नाही, मी दर वेळी उघडून "हे कधी होणार" विचारतो ते टोचतं. आता विचारणार नाही. तिने दोन बाह्या उसवायला काढल्यात आणि लडी करायला मला दोन्ही हात पुढे करून बसवलंय, तासभर. सांगायला हरकत नाही, मला ते आवडलं. लोकर हातावरून जाताना उबदार लागते.

गोदाकाठ, त्या सिन्नरच्या लोकरीबद्दल अजून लिहा ना. भाव काय, मिळते कशी?

---

सिन्नरकर

मी लिहितो, आमच्या घरी मेंढरं आहेत.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. लोकर कातरली की निवडायची, पिंजायची, मग घरातल्या म्हाताऱ्या बाया चरख्यावर नाहीतर चातीवर (हाताने फिरवायची तकली) कातायच्या आणि सूत सणगरांकडे जायचं, ते खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी कडक असते आणि पावसाचं पाणी चटकन आत शिरत नाही. मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ करून रानात बसतो तो त्याच भरवशावर. कातणाऱ्या बाया मेंढरं राखता राखता, गप्पा मारता मारता कातायच्या, कोणी घड्याळ लावून बसलेलं मी पाहिलं नाही. सूत जाडबारीक होतं ते त्यामुळेच.

आता परिस्थिती अशी की कातरायची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते, म्हणून पुष्कळ ठिकाणी लोकर कातरून रानातच टाकून देतात. उत्पन्न मटणाचं आणि शेतात खतासाठी मेंढरं बसवण्याचं. कमी लोकरीच्या जातींशी संकर पण झालाय. कातणाऱ्या बाया कमी झाल्या. म्हणून कोणी शहरातून येऊन म्हणतं ना की मला ही लोकर अशीच पाहिजे, न रंगवलेली, जाडबारीक, तेव्हा घरच्यांना आधी खरंच वाटत नाही. गोदाकाठ ताईंनी इथे कुसळासकट तिचं कौतुक केलंय ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली कुसळ काढून देत जाऊ म्हणावं.

---

गोदाकाठ

आईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं कुसळं राहू द्या, हाताला काम मिळतं. पण मजुरी आईंनी ठरवावी, आम्ही भाव करणार नाही. कातायला लागेल तेवढा वेळ लागू दे, इथे कोणाला गडबड नाहीये.

---

निफाडचा_गारठा

मला पण हवी. मफलरला नाही, टोचेल, पहाटेच्या जाकिटाला. काळीच चालेल.

---

लोकर_आणि_मी

दादा, जाकीट करणार असाल तर कॉलर आणि गळपट्टीला आतून मऊ सुती कापड लावा, मानेला टोचत नाही मग. आणि धुताना रिठ्याच्या पाण्यात, थंड किंवा कोमट, गरम अजिबात नको, चोळू नका. गरम पाण्यात चोळलं तर आटून नमदा, म्हणजे घट्ट जाड कापड होईल आणि मग ते जाकीट तुमच्या नातवाला घालावं लागेल.

---

सिन्नरकर

ज्यांना हवी त्यांनी इथेच लिहा, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. काळी आणि करडी आहे, पांढरी कळपात फार थोडी निघते त्यामुळे पांढऱ्याला थांबावं लागेल. कातलेली हवी का नुसती पिंजलेली तेही सांगा, आणि किती जाड पाहिजे त्याचा वीतभर धागा नमुना म्हणून पाठवला तर आईला बरं पडतं.